पोटावरच्या चार रेघा

सोमवार, ४ मार्च

औषध कंपनीच्या माणसानं ही डायरी जानेवारीत दिली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी कॅल्शियमच्या गोळ्यांची जाहिरात आहे, त्यामुळे माझ्या आयुष्यात काहीही घडलं तरी त्याच्या खाली 'हाडं मजबूत ठेवा' असं छापलेलं असणार. दोन महिने हिच्यावर चहाचा कप ठेवत होते. आज लिहायला घेतली, कारण आज मला मोठेपणा मिळालाय आणि तो ऐकायला घरात कुणी नाही.

मोठ्या सरांनी बोलावलं होतं. मुलांच्या हाडांच्या आमच्या विभागात पाठीचा कणा वाकलेली मुलं रोज येतात, आणि प्रत्येक आईबापाला वाटतं की एमआरआय काढला म्हणजे आतलं सगळं दिसेल. मशीन एकच, रांग तीन महिन्यांची. लहान मुलं त्या बोगद्यात स्वस्थ पडत नाहीत, त्यांना भूल द्यावी लागते. बरं, बहुतेकांच्या आत काही निघतच नाही. कणा नुसता वाकलेला असतो, का ते देवाला ठाऊक. आणि ज्या थोड्यांच्या आत खरंच काही असतं, ती बिचारी रांगेत मागे राहतात. सर म्हणाले, "कुणाला एमआरआय हवा, कुणाला नको, याचा एका पानाचा नियम तुम्ही लिहा. तुमच्यासारखं नाही म्हणणं इथे कुणालाच जमत नाही."

हे कौतुकच होतं असं मी धरून चालतेय. मशीनच्या खोलीत मला 'नकारघंटा' म्हणतात, हे मला कधीचंच कळलंय. शेजारच्या खोलीतले आमचे सहकारी माझ्या अगदी उलट. आईबापांनी मागायचा अवकाश, यांनी सही केलीच. त्यांचं नाव मी 'तथास्तु' ठेवलंय. नकारघंटा आणि तथास्तु, मध्ये एक पातळ भिंत. विभाग कसा चालतो हे एक कोडंच आहे.

शनिवार, ९ मार्च

नियम झाला. स्वतःच लिहिलेलं चारदा वाचलं आणि चारही वेळा आवडलं.

दहा वर्षांच्या आतलं मूल असेल, कण्याचा बाक डावीकडे असेल, झपाट्यानं वाढत असेल, दुखण्यानं रात्री झोपमोड होत असेल, पावलांचा आकार बदलत असेल, तर एमआरआय. आणि तपासताना नसांची काही खूण सापडली तरीही एमआरआय. यातलं काहीच नसेल तर थांबायचं, चार महिन्यांनी पुन्हा बघायचं.

नसांच्या खुणांपैकी माझी लाडकी खूण म्हणजे पोटावरच्या चार रेघा. मुलाला उताणं झोपवायचं, आणि बेंबीच्या चार बाजूंना किल्लीच्या टोकानं हलकी रेघ ओढायची. जिकडे रेघ, तिकडे बेंबी किंचित खेचली जाते. चारही वेळा सारखी गेली तर छान. एका बाजूला गेली आणि दुसऱ्या बाजूला ढिम्म राहिली, तर मज्जारज्जूत काहीतरी बिनसलेलं असू शकतं. एक्स-रेत हाड दिसतं, हे दिसत नाही. फुकटची तपासणी, आणि तीच लोक आळसानं टाळतात. यावर मी नियमात जवळजवळ अर्धा परिच्छेद खर्च केलाय. सर तो कापतील.

आणखी एक कलम माझंच. एमआरआयची विनंती माझ्याकडे येताना मुलाचं नाव झाकून यावं. फक्त वय, बाक, तपासणी आणि पाठवणारा डॉक्टर. ओळखीपाळखीला वावच नको. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते ना, तशी. (स्वतःला देवता म्हणवून घ्यायची हौस कुठून कशी बाहेर पडेल सांगता येत नाही.)

रविवार, १० मार्च

दादाकडे गेले होते. वहिनीनं दारातच गाठलं. "अगं, टिटवी बुटाची नाडी बांधायला वाकली ना, तर पाठीची उजवी बाजू अशी वर आली. बघतेस का जरा?"

टिटवी म्हणजे माझी भाची. वय अकरा, आवाज पन्नास माणसांचा. वहिनी शाळेत गणित शिकवते. तिच्या नजरेतून रेषेचा तिरकेपणा सुटायचा नाही. पाहिलं तर खरंच, उजवीकडे उंचवटा. कणा वाकलाय. लगेच पलंगाचं टेबल केलं आणि तपासायला घेतली. हातोडी नव्हती, तर मोठ्या चमच्याच्या दांड्यानं गुडघे ठोकले. पायाची ताकद पाहिली, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. सगळं ठणठणीत.

मग किल्ली काढली. उजवीकडे पहिली रेघ ओढली आणि ही बया किंचाळून अशी दुमडली की तिचा गुडघा माझ्या चष्म्यावर. दुसऱ्या रेघेला तर किल्ली टेकायच्या आधीच पोट धरून लोळायला लागली. "आत्या, नको ना! आत्या, मरेन मी!" दादा हसतोय, मी हसतेय, चष्मा पलंगाखाली. तेवढ्यात वहिनीनं चहा निवतोय म्हणून हाक मारली. किल्ली खिशात टाकली.

स्वयंपाकघरात टिटवीनं उकळत्या दुधाचं पातेलं डाव्या हातानं, फडकं न घेता, सरळ उतरवलं. मी ओरडले तर म्हणते, "मला नाही भाजत गं." वहिनी म्हणाली, "तिचा डावा हात लोखंडाचा आहे, हल्ली गरम सगळं तीच उतरवते." बोटावर फोड आला होता, पण पोरीला पत्ता नाही. मी मलम लावलं आणि वर एक भाषण दिलं. मला स्वतःला चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. पोरगी आमच्या घराण्यातली नाही, वहिनीकडची असणार.

सोमवार, ११ मार्च

एक्स-रे काढला. बाक उजवीकडे, बावीस अंश. या वयाच्या मुलींमध्ये नेहमी दिसतो तसला, आज्ञाधारक बाक. केसपेपरवर लिहिलं, 'नसांची तपासणी नॉर्मल'. म्हणजे माझ्या नियमात बसत नाही, म्हणजे एमआरआय नको. जुलैत पुन्हा एक्स-रे.

वहिनीला हे सांगितलं तर म्हणाली, "नक्की ना? एकदा आतलं बघून टाकलं तर?"

झालं, मी सुरूच झाले. रांग काय, भूल काय, उद्या मी माझ्याच भाचीला आत घुसवली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील की नाही, वगैरे. पाच मिनिटं बोलले असेन. वहिनी ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतेस ना, मग नाही काढायचा."

तोंडावर बरं म्हणाली, पण मी ओळखून आहे. नणंद डॉक्टर असणं कुठल्याच भावजयीला सोसत नाही. ही आता माझ्या मागे कुठेतरी जाऊन एमआरआय काढून आणणार, पैज लावते. दादाला विचारलं तर तो पेपरात डोकं घालून म्हणाला, "तुम्हा दोघींच्या मध्ये मी कशाला पडू?" दादा म्हणजे साक्षात गरीब गाय.

गुरुवार, २१ मार्च

आज नियमाचा पहिला दरबार. नावं झाकलेल्या विनंत्यांचा गठ्ठा घेऊन बसले आणि फुल्या मारत सुटले. मशीनचा टेक्निशियन शेजारी उभा होता. म्हणाला, "मॅडम, तुमचा आवाज आला ना, की मी खोडायचं पेन आधीच उघडून ठेवतो."

तथास्तूंच्या विनंत्या सगळ्यांत जास्त, ओघानंच आलं. त्यातली एक तर मजेशीर होती. मुलगी, वय अकरा, उजवीकडचा बाक, बावीस अंश, नसांची तपासणी नॉर्मल, पालकांना काळजी वाटते. अगदी आमच्या टिटवीची जुळी बहीण! बिचारीच्या घरी कुणी शहाणी आत्या नसणार, म्हणून तथास्तूंच्या दारात. मारली फुली. तासाभरात रांग दोन आठवड्यांनी आखडली. सरांनी पाठ थोपटली. घरी येताना स्वतःसाठी फुलं घेतली, हे लिहायलाही लाज वाटतेय, पण घेतली.

मंगळवार, २६ मार्च

दादाचा फोन. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि मग विचारतो, "तुमच्याकडे एमआरआयची विनंती नाकारली गेली, तर परत करता येते का गं?" कुणासाठी, म्हटलं. तर म्हणे ऑफिसातल्या एकाच्या मुलीसाठी. मी म्हटलं, "त्याला सांग, नाही म्हणजे नाही. घाबरट बापांसाठी मशीन नसतं." दादा म्हणाला, "हो, तेही खरंच," आणि फोन ठेवला. आजकाल अगदीच मवाळ झालाय.

बुधवार, ३ एप्रिल

आज नवीन डॉक्टरांना आणि नर्सना नियम शिकवला. बोलताना मी स्वतःलाच फार आवडत होते. पोटावरच्या चार रेघांशी आले तेव्हा तर गाडी नुसती सुसाट. एका नर्सनं हात वर केला. "मॅडम, पोरांना गुदगुल्या होतात हो. रेघ ओढूच देत नाहीत. मग काय करायचं?"

मी म्हटलं, "गुडघे दुमडून झोपवायचं, श्वास सोडायला लावायचा, बोलण्यात गुंतवायचं. दहा मिनिटं लागू देत. गुदगुल्या होतात म्हणून तपासणी सोडून देणाऱ्या डॉक्टरनं त्या पोराच्या आईला तोंड दाखवू नये."

वाक्य संपलं आणि मला तो रविवार आठवला. पलंगाखालचा चष्मा. खिशात टाकलेली किल्ली. चारपैकी एकच रेघ ओढली होती, तीही धड पाहिली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी मी 'नॉर्मल' लिहून मोकळी झाले होते.

पाणी प्यायले. खोकला आल्याचं नाटक केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे शाळेत फळ्यावर लिहिलेलं मला आठवतंय. अक्षर चांगलं काढलं होतं मी.

गुरुवार, ४ एप्रिल

दुपारपर्यंत स्वतःची समजूत काढत होते. बाकी सगळं ठीक होतं की. शंभरातल्या नव्वद पोरींच्या बाबतीत काहीच नसतं. रविवारी जाऊच, सहज गेल्यासारखं करू, खेळता खेळता रेघा ओढू, वहिनीला कळणारही नाही. खरं कारण एवढंच होतं की वहिनीसमोर 'माझं चुकलं' म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. जनाची नाही तरी मनाची लाज ठेवावी म्हणतात. माझ्याकडे तर सगळी जनाचीच होती.

मग कॅन्टीनमध्ये गरम कप हाताला लागला आणि दुधाचं पातेलं आठवलं. मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी झाली की पहिल्यांदा गरम-थंड कळेनासं होतं. ताकद असते, स्पर्श कळतो, फक्त भाजलेलं कळत नाही. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे पाठ असतं. आणि मी काय केलं, तर मलम लावलं. मलम!

कप तसाच टाकून दादाकडे गेले. वहिनी शाळेचे पेपर तपासत बसली होती. सहज आले, असं म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "टिटवीला बोलव. माझी तपासणी राहिलीय."

गुडघे दुमडून झोपवली. शाळेतल्या मैत्रिणीचं भांडण सांगायला लावलं. ते ती रंगवून सांगत होती. उजवीकडे वर रेघ, बेंबी सरकली. उजवीकडे खाली, सरकली. डावीकडे वर, काही नाही. डावीकडे खाली, काही नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. टिटवी गोष्ट सांगतच राहिली, डावीकडे तिला हसूही आलं नाही. मग एक चमचा गरम पाण्यात बुडवला, एक थंड पाण्यात, आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. उजव्या हाताला बरोबर ओळखले. डाव्या हाताला म्हणाली, "दोन्ही सारखेच आहेत की."

टिटवीला बाहेर पाठवलं. वहिनीला म्हटलं, "एमआरआय काढायला हवा. त्या रविवारी ही तपासणी मी पूर्ण केली नव्हती. आणि केली असं लिहिलं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, नक्की ना म्हणून."

दादा दारात उभा होता. खाली मान घालून म्हणाला, "मी तुझ्या त्या तथास्तूंकडे जाऊन आलो होतो. हिला न सांगता. मला राहवेना. त्यांनी तुझाच केसपेपर पाहून विनंती लिहिली. मग ती नामंजूर झाली."

ती जुळी बहीण. माझंच 'नॉर्मल' तथास्तूंनी उतरवून घेतलं, आणि त्या 'नॉर्मल'वर भरवसा ठेवून मी फुली मारली. नाव झाकून! न्यायदेवता!

वहिनी दादाकडे बघत म्हणाली, "तू गेलास? आणि मी मात्र हिनं सांगितलं म्हणून गप्प बसले. शाळेतल्या बाया म्हणत होत्या, दुसरीकडे दाखव. मी त्यांना म्हटलं, घरात डॉक्टर असताना दुसरीकडे कशाला?"

मी इतके दिवस पैज लावून बसले होते की ही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

सकाळी मशीनच्या खोलीत फोन केला. टेक्निशियन म्हणाला, "बोला मॅडम, कुठला खोडू?"

"खोडायचा नाहीये. एक लावायचाय."

पेनाचं टोपण परत लावल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "कोण बोलतंय?"

नसांची खूण सापडलेल्या मुलाला आठवड्याच्या आत घ्यायचं, हे माझ्याच नियमात आहे. निदान तेवढं तरी शहाणपणाचं लिहिलं होतं. विनंती मी नाही भरली, तथास्तूंना भरायला सांगितली, आणि त्याआधी त्यांना टिटवीला स्वतः तपासायला लावलं. त्यांनी चारही रेघा ओढल्या, दोनदा. मला टोमणा मारायची आयती संधी होती. मारला नाही. हा माणूस इतका चांगला आहे हे मला भिंतीपलीकडून कधी दिसलंच नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

एमआरआय झाला. भूल लागली नाही. टिटवी आत गप्प पडून राहिली. ती इतका वेळ गप्प बसल्याचं आम्ही कुणीच यापूर्वी पाहिलं नव्हतं, आणि त्याचंच मला रडू आलं.

मेंदूचा तळ मानेत थोडा खाली उतरलाय, त्यानं पाण्याची वाट अडवलीय, आणि मज्जारज्जूच्या आत लांबलचक पोकळी भरलीय. मेंदूच्या सर्जननी चित्रं पाहिली. म्हणाले, "ऑपरेशन लवकर करू. हातापायांची ताकद अजून शाबूत आहे. आणखी वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो. गरम-थंडाचं काही सांगता येत नाही. येईल, न येईल."

कुणाच्या लक्षात आलं नसतं म्हणजे माझ्या. जुलैत मी पुन्हा एक्स-रे काढला असता, गुडघे ठोकले असते, आणि माझंच जुनं अक्षर बघून पुन्हा 'नॉर्मल' लिहिलं असतं. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. "किल्ल्या कुठेत", "फाईल दे", एवढंच.

सोमवार, १५ एप्रिल

सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं नियम काढून घेतील. ते म्हणाले, नियम ठीक आहे, तो राबवणारीचं काय करायचं ते बघू. मग दोघांनी बसून तो दुरुस्त केला. 'नॉर्मल' हा शब्द विनंतीतून हद्दपार. काय केलं आणि काय दिसलं, ते लिहायचं. जे केलं नाही, तिथे 'केलं नाही' असं लिहायचं. हे शेवटचं लिहायला शिकवणं सगळ्यांत अवघड जाणार. मला पंचवीस वर्षं लागली.

सर म्हणाले, "शिकवताना उदाहरण म्हणून तुमचं नाव घेतलं तर चालेल?" म्हटलं, घ्या. नुसतं नकारघंटा म्हणालात तरी पोचेल.

फुल्या मारलेल्या सगळ्या मुलांना परत बोलावतेय. तथास्तु आणि मी मिळून तपासणार आहोत. एका आईनं फोनवर विचारलं, "तुम्हीच ना त्या, गरज नाही म्हणाल्या होतात?" मी म्हटलं, हो, मीच ती. त्यातल्या बहुतेकांना गरज नसेलच, हे मला आजही माहीत आहे. पण आता ते मला पोटावर रेघा ओढूनच म्हणायचंय.

बुधवार, २४ एप्रिल

ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर दादा, वहिनी आणि एका टोकाला मी. सर्जन बाहेर आले ते सवयीनं माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "तिच्या आईशी बोला." मग मागे जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा इतर नातेवाइकांसारखं अर्धवट ऐकलं. 'व्यवस्थित' एवढं ऐकू आलं. दादानं भिंतीला डोकं टेकलं. वहिनीनं सर्जनना पाच प्रश्न विचारले, सगळे मुद्द्याचे. मी तिच्या जागी असते तर डोळे मिटून बरं म्हणाले असते.

गुरुवार, २५ एप्रिल

टिटवी शुद्धीवर आहे, हातपाय हलवतेय, आवाज निम्मा झालाय, म्हणजे आता तो साधारण माणसाइतका आहे. मी आत गेले तेव्हा वहिनी तिचे केस सारखे करत होती. टिटवीनं विचारलं, "आत्या, ते मोठे डॉक्टर म्हणाले की हे लवकर सापडलं म्हणून बरं झालं. कुणी शोधलं गं?"

मी तोंड उघडलं. मला खरंच सांगायचं होतं. सगळं, किल्लीपासून.

"आत्यानं," वहिनी म्हणाली.

टिटवीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पाणी आणते म्हणून बाहेर आले. वहिनी मागून आली.

"वहिनी, तसं का सांगितलंस? मी तर..."

"तू काय केलंस ते मला माहितीय." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "माझा विश्वास उडालाय. परत बसेल की नाही, मला आत्ता नाही सांगता येणार. पण तिला अजून कितीतरी वर्षं पाठ उघडी करून तुझ्यासमोर वाकायचंय. तिचा राहू दे."

मग माझ्या हातातला रिकामा पेला तिनं स्वतः भरला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा आत. तुझ्या हातूनच पाज."

आत गेले. टिटवीनं झोपल्याझोपल्या तोंड उघडलं, पेल्याकडे न बघता.